मामगीची सही आणि विजयदुर्गचा पत्ता: ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दोन दिवस

आधी कामाचं सांगते. इंग्लंडातल्या श्रूसबरीहून वेल्सच्या किनाऱ्यावरच्या ॲबरिस्टविथला जाणाऱ्या गाडीचे वाटेत माखन्लेथ नावाच्या स्टेशनात दोन तुकडे होतात. काही डबे ॲबरिस्टविथला जातात, काही किनाऱ्याने वर पुल्हेलीला. चुकीच्या डब्यात बसलात तर समुद्र तिकडेही दिसेल, पण ग्रंथालयातले तुमचे कागद दुसऱ्या गावात राहतील. चढतानाच गार्डला विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. माखन्लेथच्या फलाटावर पर्स, पोळीभाजीचे डबे, आजींची काठी आणि खुद्द आजी, असं सगळं सांभाळत एका डब्यातून दुसऱ्यात धावायची वेळ आली. आजी चौऱ्याऐंशीच्या आहेत. धापा टाकत बसल्या आणि म्हणाल्या, "हे आयुष्यात पहिल्यांदाच झालं असं समजू नकोस."

या आजी माझ्या नात्यातल्या नाहीत. भिंतीपलीकडे राहतात. मूळच्या वेल्समधल्या, ट्रेगॅरनजवळच्या एका शेतवाडीतल्या. लग्न करून श्रूसबरीला आल्या त्याला साठ वर्षं होत आली. मी इथल्या एका इस्पितळाच्या औषधविभागात काम करते. माझं गाव गिर्ये, तालुका देवगड. "आजी" या हाकेचा अर्थ त्यांना मी सांगितला तेव्हापासून त्या दुसऱ्या नावाला ओ देत नाहीत. मला त्या "कॅरियाद" म्हणतात. त्यांच्या भाषेत बाळ, राणी, सोन्या हे सगळं त्या एका शब्दात येतं. त्यांच्या भागात आईच्या किंवा वडिलांच्या आईला "मामगी" म्हणतात. हे सगळं प्रकरण त्या मामगीचं.

आजींच्या घरात ऐकीव गोष्ट अशी की मामगीने कधीतरी "अमेरिकेला सही पाठवली होती". कसली सही, कुणाला, का, ते कुणाला धड माहीत नव्हतं. आजींना वाटायचं, कर्जाचा काहीतरी कागद असेल. मग २०२३ साली एक ओकची पेटी वॉशिंग्टनच्या संग्रहालयातून वेल्सला परत आल्याची बातमी टीव्हीवर दाखवली आणि आजींनी चहाचा कप खाली ठेवला.

पेटीत होता वेल्सच्या बायकांनी अमेरिकेच्या बायकांना लिहिलेला अर्ज. पहिलं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. इथल्या गावागावांत पोरं गेलेली. पुन्हा असं होऊ नये म्हणून देशांनी मिळून राष्ट्रसंघ (लीग ऑफ नेशन्स) काढला होता, पण अमेरिका त्यात शिरायला तयार नव्हती. १९२३ साली ॲबरिस्टविथमध्येच एक परिषद झाली आणि तिथून ठरलं की वेल्सच्या बायकांनी अमेरिकेच्या बायकांना सांगायचं: तुमच्या सरकारला यात यायला लावा. घरोघर जाऊन सह्या गोळा केल्या. किती? ३,९०,२९६. तेव्हा बाया, बाप्ये, पोरंटोरं सगळी धरून वेल्सची लोकसंख्या साडेसव्वीस लाखांच्या आसपास होती. कागद एकापुढे एक जोडले तर सात मैल भरतील असं तेव्हा सांगत. ॲनी ह्यूज-ग्रिफिथ्स आणि त्यांच्या सोबतिणी १९२४ साली ही पेटी घेऊन बोटीने न्यूयॉर्कला गेल्या आणि पुढे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनाही व्हाइट हाऊसमध्ये भेटल्या. अमेरिका काही राष्ट्रसंघात गेली नाही. पेटी मात्र तिकडेच राहिली, जवळजवळ शंभर वर्षं.

आता ते कागद वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. ॲनीबाईंनी त्या प्रवासात लिहिलेली डायरीही तिथेच आहे. सह्यांचे कागद एकेक करून स्कॅन केले आणि नावं टंकायला लोकांना हाक दिली. घरी बसून स्वयंसेवक नावं वाचून टाइप करत होते. म्हणजे खरं तर जायची गरजच नव्हती. मी आजींना माझ्या लॅपटॉपवर दाखवू शकले असते. पण त्या म्हणाल्या, "शंभर वर्षं बाहेर राहून आलीय. भेटायला जायला नको?" यावर काय बोलणार?

ग्रंथालय गावाबाहेर, पेंग्लाइस नावाच्या टेकडीवर आहे. गावातून चालत जाता येतं, पण चढ आहे, आणि चढावर पाऊस आहे, आणि पावसात समुद्रावरचा वारा आहे. विजयदुर्गच्या तटावर जुलैत उभं राहिलं की जसं होतं तसं, फक्त थंड. गुडघे कुरकुरत असतील तर बस किंवा टॅक्सी करा. इमारत मोठी, पांढऱ्या दगडाची, खाली ग्रॅनाइट. पुढे पायऱ्या भरपूर. लिफ्ट आहे, पण सोबत वयस्कर माणूस असेल तर आधी फोन करून कुठल्या दाराने यायचं ते विचारा, वेळ वाचतो. दारातून मागे वळून पाहिलं की सगळं गाव पायाशी आणि पलीकडे कार्डिगनचा उपसागर. आजी तिथे पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मी त्यांना चढाचा दम लागला असं समजले.

या इमारतीबद्दल एक गोष्ट मला फार आवडली. १९०७ साली सनद मिळाली, १९११ साली पायाचा दगड राजाने बसवला, हे झालं पाटीवरचं. पण बांधकामाच्या निधीत खाणकामगारांनी, स्लेटच्या खाणीतल्या मजुरांनी आपल्या पगारातून पैसे घातले आहेत. दुसरीकडे सर जॉन विल्यम्स, राजघराण्याचे डॉक्टर, त्यांनी आपल्या जवळची जुनी हस्तलिखितं दिली. त्यात तेराव्या शतकातलं वेल्श कवितांचं 'ब्लॅक बुक ऑफ कारमार्थन'ही आहे. डॉक्टरांची हस्तलिखितं आणि खाणमजुराचे शिलिंग एकाच छताखाली. आजींचे वडील म्हणायचे, त्या टेकडीवर आपलाही एक दगड आहे. कुठला ते त्यांनी सांगितलं नाही.

नोंदणी सोपी. वेबसाईटवर फॉर्म भरायचा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन जायचं, वाचकपत्र मिळतं. फुकट. तुम्ही प्राध्यापक आहात का, कुठल्या संस्थेचे, मार्गदर्शकांचं पत्र आणलं का, असलं काही कुणी विचारत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या आजोबांच्या जमिनीची एक जुनी नोंद पाहायला मी एका दप्तरखान्यात तीन सुट्ट्या घालवल्या आहेत. कुठला ते सांगत नाही. पहिल्या वर्षी साहेब रजेवर, दुसऱ्या वर्षी किल्ली साहेबांकडे, तिसऱ्या वर्षी "तुम्हाला कशाला हवंय?" या तिसऱ्या प्रश्नाला मी आजवर उत्तर शोधतेय. ॲबरिस्टविथच्या काउंटरवरच्या मुलीने आजींना एवढंच विचारलं: "बोरे दा. वेल्शमध्ये बोलू की इंग्रजीत?" आणि आजी सुटल्या. पुढची दहा मिनिटं मी तिथे नव्हते असं समजा. साठ वर्षं श्रूसबरीत इंग्रजीत भाजी घेतलेल्या बाईला सरकारी टेबलापलीकडून आपल्या बोलीत "सुप्रभात" ऐकायला मिळालं की काय होतं, ते पाहण्यासारखं होतं. तिथली प्रत्येक पाटी दोन भाषांत, वेल्श आधी.

जाता जाता उच्चाराचं. वेल्शमध्ये दोन एल एकत्र आले की जीभ "ल"च्या जागी ठेवून नुसती हवा बाजूने सोडायची. मांजराने फिस्कारावं तसं. मला अजून जमत नाही. ग्रंथालयाच्या वेल्श नावाची सुरुवातच त्या अक्षराने होते, त्यामुळे मी ते नाव घेतच नाही. सूड म्हणून मी आजींना "ळ" शिकवतेय. "केळं" त्यांना "केलं" म्हणूनच येतं. एकंदरीत बरोबरी आहे.

आत जाताना बॅगा, कोट, पाण्याच्या बाटल्या लॉकरमध्ये. पेन चालत नाही, फक्त शिसपेन्सिल. लॅपटॉप, वही चालते. फोटो काढायचे असतील तर आधी विचारा. परवानगी मिळते, पण सरसकट प्रत्येक कागदाला नाही. शनिवारी सगळी सेवा मिळतेच असं नाही, तेव्हा आठवड्यातला कामाचा दिवस निवडा आणि हवे ते कागद आधी ऑनलाइन मागवून ठेवा. वेळा वेबसाईटवर त्या त्या दिवशीच्या पाहा. पांढरे हातमोजे मात्र नेऊ नका. सिनेमात दाखवतात ते खोटं. हातमोज्यात बोटांना अंदाज राहत नाही, पान फाटतं. साबणाने धुऊन कोरडे केलेले उघडे हात हवेत. हातमोजे लागतात ते जुने फोटो हाताळायला. मी औषधं मोजणारी बाई, मला हे लगेच पटलं. आजी मात्र खास इस्त्री केलेले हातमोजे घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते पर्समध्ये परत ठेवले, जरा रागानेच.

मूळ सह्यांचे कागद मागितले की हातात मिळतील अशी आशा ठेवू नका. ज्याची चांगली डिजिटल प्रत झाली आहे ते मूळ सहसा बाहेर काढत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पावणेचार लाखांहून जास्त मामग्या, त्यांची सगळी नातवंडं अंगठा लावायला लागली तर शाई किती दिवस राहील? तिथल्या एका तरुण ग्रंथपालाने आम्हाला मोठ्या पडद्यासमोर बसवलं.

नाव टाकून शोधायचा प्रयत्न केला आणि पहिल्याच फटक्यात कळलं की ते काही खरं नाही. मामगीचं आडनाव जोन्स. वेल्समध्ये आडनावांची अशी टंचाई आहे की अख्खी वाडी जोन्स, पलीकडची डेव्हिस, नदीपलीकडची इव्हान्स. आमच्याकडे एका वाडीत सगळे एकाच आडनावाचे असले की "पोस्टातले", "विहिरीवरचे" म्हणून ओळखतात. तसंच इथे जोन्स दूधवाला, जोन्स बेकरीवाला. ग्रंथपाल हसला आणि म्हणाला, नाव सोडा, शेताचं नाव सांगा. आजींनी सांगितलं. वेल्समध्ये प्रत्येक शेतघराला नाव असतं आणि बायकांनी पत्ता म्हणून तेच लिहिलंय. दोन मिनिटांत कागद समोर.

तो कागद कसा दिसतो ते सांगते. साधा रेघांचा तक्ता. डावीकडे नाव, उजवीकडे पत्ता. वरच्या चार सह्या एकाच वाडीतल्या, म्हणून पत्त्याखाली नुसती दोन टिंबं. एका बाईने नाव लिहिताना टाक बुडवायला जास्त शाई घेतली असावी, "एम"चा पोटाकडचा भाग भरून गेलाय. एकीने आधी पेन्सिलीने लिहून मग त्यावरून शाईने गिरवलंय, पेन्सिलीची रेघ बाहेर डोकावते. ही बाई शाळेत फार गेली नसावी. आमच्या पणजीचं अक्षर असंच असायचं, रेघेवर बसवताना जीव मुठीत धरलेलं. आणि सातव्या ओळीवर मामगी. सरळ, उभं, काटकसरी अक्षर. कुठेही जास्तीचा लफ्फा नाही.

आजींनी पडद्यावर बोट ठेवलं. कुणी हटकलं नाही.

मग त्या पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "ही कोण बया इथे?"

आठव्या ओळीवर शेजारच्या शेताचं नाव होतं. आणि त्या शेतावरच्या बाईचं. आता ही गोष्ट मला आधी माहीत नव्हती, तिथेच कळली. मामगीचं आणि तिचं बांधावरून भांडण होतं. होय, बांधावरूनच. कुंपणाचे दगड कुणी किती सरकवले यावरून दोन घरं चाळीस वर्षं बोलत नव्हती. चर्चमध्ये एक जण डाव्या बाकावर, दुसरी उजव्या. एकीच्या घरी मर्तिक झालं तर दुसरीने केक पाठवला, पण मुलाच्या हाती. हे भांडण आजींच्या जन्माच्या आधीपासून सुरू होतं आणि त्यांच्या लग्नातही त्या घराला आमंत्रण नव्हतं. आणि इथे, १९२३ साली, सातवी ओळ आणि आठवी ओळ. शाई तीच. पेनही तेच असावं, कारण निबाला एक दोष आहे, खाली येणारी रेघ दुभंगते, आणि दोघींच्या सहीत ती तशीच दुभंगलीय.

"म्हणजे एका टेबलाशी बसल्या असणार," आजी म्हणाल्या. "किंवा सही घेणारी एका दारातून दुसऱ्या दारात गेली असेल," मी म्हटलं. आजींना माझं म्हणणं आवडलं नाही. त्यांनी त्या कागदाची छापील प्रत मागवली, पैसे भरले, आणि ती दुपारभर मांडीवर ठेवली.

दुसरा दिवस माझा होता. माझं काम वेगळं. रॉबर्ट क्लाइव्हचे कागद इथे आहेत. प्लासीवाला क्लाइव्ह वेल्समध्ये कसा, असं कुणालाही वाटेल. त्याच्या मुलाने, एडवर्डने, १७८४ साली वेल्समधल्या पॉविसच्या जहागीरदारांची मुलगी हेन्रिएटा हर्बर्ट हिच्याशी लग्न केलं. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला आणि पॉविसची पदवी त्याच्याकडे आली. त्या मार्गाने भारतातले कागद आणि वस्तू वेल्समध्ये. वस्तू पॉविसच्या किल्ल्यात आहेत, कागदांचा एक मोठा भाग या टेकडीवर आणि दुसरा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत.

मला क्लाइव्ह हवा होता तो प्लासीच्या आधीचा. १७५६ सालच्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हची फौज विजयदुर्गावर आली. जमिनीकडून नानासाहेब पेशव्यांचं सैन्य. तुळाजी आंग्रे वाटाघाटीला पेशव्यांच्या छावणीत गेलेला. तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांचं आरमार बंदरात जळालं, इंग्रजांनी किल्ला घेतला, लूट आपसात वाटून घेतली, आणि किल्ला पेशव्यांना द्यायला कितीतरी महिने लावले. बदल्यात बाणकोट घेतलं. इंग्रज या किल्ल्याला घेरिया म्हणत, आमच्या गावावरून. आमच्या रामेश्वराच्या देवळापुढे जुन्या जहाजाची डोलकाठी उभी आहे, तिच्याभोवती खेळत मी लहानाची मोठी झाले. म्हणून वाटलं, ज्याने आमचं बंदर जाळलं त्याच्या हातचं काही पाहावं.

खोका आला. आतले कागद फोमच्या उशांवर ठेवायचे, म्हणजे बांधणीचा कणा ताणला जात नाही. पान उघडं राहावं म्हणून शिशाच्या मण्यांनी भरलेली कापडी माळ, तिला तिथे सगळे "साप" म्हणतात. टेबलावर मी, उशी आणि साप. जुना कागद कापडाच्या चिंध्यांपासून केलेला, त्यामुळे अडीचशे वर्षांनीही तो चुरचुरत नाही; आपल्याकडचा सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा लगद्याचा कागद पिवळा पडून तुटतो, हा मात्र धुतलेल्या धोतरासारखा मऊ. शाईचा रंग काळ्याचा तपकिरी झालाय. अक्षर लफ्फेदार, एस कधी एफसारखा. पहिला तास फक्त अक्षराची सवय व्हायला गेला. मद्रास सापडलं, कलकत्ता पानोपानी सापडलं. घेरिया मला सापडलं नाही. चूक माझीच, सूची नीट न वाचता "क्लाइव्ह आहे ना, मग बघू" असं करून खोका मागवला. दोन तासांत क्लाइव्ह आटपत नाही. सूचीत घालवलेला एक तास वाचनकक्षातले पाच तास वाचवतो, हे ग्रंथपालाने मला फार सभ्य शब्दांत सांगितलं.

माझ्या विभागात शिलाँगची एक नर्स आहे, तिने निघताना सांगितलं होतं, आमचे मिशनरी तिथे असतील, बघ. आहेत. वेल्श मेथॉडिस्ट पंथाचा मिशनचा दप्तरसाठा इथेच आहे. थॉमस जोन्स (बघा, पुन्हा जोन्स) १८४१ साली चेरापुंजीला पोहोचला आणि त्याने खासी भाषा रोमन लिपीत, वेल्शच्या वळणाने लिहायला सुरुवात केली. खासी आजही रोमनमध्येच लिहितात. मी तिला वाचनकक्षाच्या दाराचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "आमची बाराखडी तिथून आलीय!" पुढच्या वेळी तीही येणार आहे.

घरबसल्या काय मिळतं तेही सांगायला हवं, कारण सगळ्यांना ॲबरिस्टविथ जमणार नाही. वेल्सच्या जुन्या वर्तमानपत्रांची सुमारे ११ लाख पानं, १९१९पर्यंतची, वेबसाईटवर फुकट आहेत आणि शब्द टाकून शोधता येतात. "पूना" टाका आणि १८९७ साल निवडा. प्लेग आणि रँडचा खून वेल्सच्या खेड्यातल्या लोकांनी न्याहारीला कसा वाचला ते दिसेल. १८५८च्या आधीची वेल्समधली १,९०,०००हून जास्त मृत्युपत्रंही फुकट. मृत्युपत्रांसोबत कधी कधी घरातल्या मालमत्तेची यादी असते: गाई किती, मेंढ्या किती, पितळेची भांडी, अंथरुणं, प्रत्येकाला किंमत लावलेली. हे मी जरा चिडून सांगतेय. आजींच्या पणजोबांच्या पणजोबांचं मृत्युपत्र मिळवायला आम्ही आदल्या वर्षी एका खाजगी वंशावळीच्या वेबसाईटला वर्गणी भरली होती. मिळालं काय, तर एका ओळीची नोंद आणि दर आठवड्याला "तुमच्या पूर्वजांचा शोध लागला!" असा ईमेल. इथे तेच मृत्युपत्र पूर्ण, चित्रासकट, एक पेनी न देता. वर्गणी बंद करायलाही तीन फोन करावे लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजींनी पर्समधून एक पुडकं काढलं. मला माहीत नव्हतं. त्यांच्या आईची पत्रं आणि तीन छोट्या डायऱ्या, रबरबँड लावलेल्या, काही ठिकाणी सेलोटेप. "हे तुम्ही घ्याल का?" त्यांनी सरळ विचारलं. मला वाटलं आता "अर्ज करा" होणार. ग्रंथपाल बाई खुर्ची ओढून बसल्या. कुणी लिहिलं, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, घरात यावर आणखी कुणाचा हक्क आहे का, हे विचारलं. डायरीत काय आहे? आजी म्हणाल्या, हवामान, कोंबड्या, लोणी किती विकलं, आणि कोण मेलं. बाई म्हणाल्या, हेच कुणी ठेवत नाही. पण लगेच हो म्हणाल्या नाहीत. एका गावापुरते कागद असतील तर ते इथे ॲबरिस्टविथ गावातल्याच केरेडिगियन जिल्ह्याच्या दप्तरखान्याकडे जास्त शोभतील का, हे आधी पाहू; घेतलं तर काय अटी, पत्रातली माणसं हयात असतील तर किती वर्षं बंद ठेवायचं, हे कागदावर ठरवू. घाई नाही.

तोवर काय करायचं, याची त्यांनी जी यादी दिली ती मी जशीच्या तशी आमच्या दादाला गिर्येला फोनवर सांगितली, कारण माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आमचे मोडीतले कागद आहेत. रबर काढा, ते वितळून कागदाला चिकटतं. गंजलेल्या टाचण्या काढा, पण ओढून नाही. सेलोटेप नवीन लावू नका आणि जुनी खरवडू नका. लॅमिनेट तर अजिबात करू नका. माळ्यावर नको, जमिनीवर नको. कोरड्या जागी, भिंतीपासून जरा दूर. आणि आपल्या मनाने तारखेनुसार लावत बसू नका. जिने ठेवले तिने ज्या क्रमाने ठेवले, तो क्रमही एक माहिती असते. दादा म्हणाला, "क्रम वाळवीन लावल्यान हा." तरी ट्रंक खाली घेतो म्हणाला.

खालच्या कॅफेत वेल्श केक मिळतात, तव्यावर भाजलेले, आत मनुका. चहाबरोबर दोन खाल्ले की डबा उघडायची गरज नाही. आम्ही तरी उघडला. आजींना माझी मेथी आवडते.

एक जास्तीची गोष्ट, त्या टेकडीच्या पोटातली. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ब्रिटिश म्युझियमचे मौल्यवान कागद इथे आणले आणि इमारतीखालच्या खडकात खास बोगदा खणून, आत ऊब आणि हवा नीट राहील अशी सोय करून ठेवले. बोगदा अजून आहे. रोज कुणी दाखवत नाही, पण वाचनकक्षात बसून वर पाऊस ऐकताना आपल्या पायाखाली तो आहे हे आठवलं की बरं वाटतं.

तारे द्यायचेच तर साडेचार. अर्धा मी टेकडीचा कापलाय, ग्रंथालयाचा नाही. दोन दिवस लागतातच. एका दिवसात जाऊन-येऊन करायचा विचार असेल तर क्लाइव्ह सोडा, मामगी तेवढी करा. राहण्याची जागा समुद्रालगत घेतलीत तर रात्री खिडकी घट्ट लावा. आमच्या लॉजची लागत नव्हती आणि मालकाने टॉवेल कोंबून दाखवला.

परतीच्या गाडीत आजींनी ती छापील प्रत पुन्हा काढली. सातवी ओळ, आठवी ओळ. त्या दुसऱ्या घरातली नात अजून ट्रेगॅरनला असते, एवढं त्यांना ठाऊक होतं. नंबर कुणाकडून तरी कधीचा घेऊन ठेवलेला होता, लावला कधीच नव्हता. बॉर्थ स्टेशन गेल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला, "तू लाव, माझी बोटं थरथरतात." मी लावला, त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून कुणीतरी उचलला. आजींनी वेल्शमध्ये आपलं नाव सांगितलं, मग शेताचं नाव. आणि गाडी डोव्ही जंक्शनच्या दलदलीत शिरली, जिथे ना रस्ता आहे ना घर, आणि फोनची रेंज गेली.

माखन्लेथला परत लावला.